त्र्याहत्तर रुपये निव्वळ नफा

मी माझ्याच घरात भाडेकरू आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. नोकरीत असताना बायकोच्या वागण्यावरून अधूनमधून शंका यायची. पण कायद्याचाही तोच समज असेल असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की निवृत्त माणसाला दुपारी दोन ते चार काय करावं ते कळत नाही. पेपर सकाळी पाठ झालेला असतो, झोपलं तर रात्री झोप येत नाही. अशा एका दुपारी मी घरपट्टीचं बिल वाचायला घेतलं. चौतीस वर्षं नांदेड जिल्ह्यात पोरांना गणित शिकवलं, पण घरपट्टी कशी काढतात ते कधी बघितलं नव्हतं. बिल आलं की खालचा आकडा बघायचा, "आरं देवा" म्हणायचं आणि भरून टाकायचं, एवढाच आमचा परिपाठ. या वेळी वरपासून वाचलं, तर 'करयोग्य मूल्य' या शब्दाशी येऊन अडकलो. आमच्या सकाळच्या फिरायच्या गटात एक निवृत्त तहसीलदार आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं.

"सोपं आहे गुरुजी," ते म्हणाले. "तुमचं घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, ते धरायचं. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरलं त्यावर कर."

"पण मी घर भाड्यानं दिलंच नाही. मीच राहतो."

"मग भाडेकरू तुम्हीच समजायचं."

"आणि मालक?"

"तोही तुम्हीच. भांडायला दुसरं माणूसच नाही, हाच तर फायदा आहे."

घरी येऊन ही गंमत मी मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितली. तिनं भाजी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मालकाला निरोप द्या. दुरुस्तीचे दहा टक्के घेतलाव ना? मोरीतला नळ सहा महिन्यांपासून गळलालाय."

बायको लातूरची. हे आधीच सांगायला हवं होतं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरच्यांना वाटतं, मराठवाडा म्हणजे एकच एक कोरडं गाव. नांदेड आणि लातूर यांच्यात विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं यावरून किती मोर्चे निघाले, किती बंद पाळले गेले, हे त्यांना ठाऊक नसतं. २००९ साली आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूर पेटलं. आमच्या घरात तर स्वयंपाकघर पेटायचं बंद झालं. दोन दिवस मी फरसाणावर काढले. आयुक्तालयाचा प्रश्न सरकारदरबारी भिजत पडला. आमच्या घरात मात्र त्याचा निकाल कधीच लागलेला आहे. आयुक्त लातूरचाच आहे.

या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडनं शंकरराव आणि अशोकराव, लातूरनं निलंगेकर आणि विलासराव. हिशोब दोन-दोन असा बरोबरीत सुटतो, म्हणून आमचं भांडण कोणी काय केलं यावर चालतं. निवृत्तीनंतर तर मी माझ्या जुन्या पगारपत्रकांची फाइल काढून बसलो आणि नको ते बोलून गेलो.

"हे बघ, व्यवसाय कर. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. अठ्ठावीस दिवसांचा महिना, आणि त्याच महिन्यात शंभर जास्त!"

"कायदा कधीचा?" तिनं विचारलं.

"१९७५."

"मुख्यमंत्री कोण होते तेव्हा?"

मी गप्प बसलो. शंकरराव चव्हाण त्याच वर्षी फेब्रुवारीत मुख्यमंत्री झाले होते. मग मीही व्हॅट काढला. तो लागला १ एप्रिल २००५ ला, विलासरावांच्या राज्यात. तिनं जकातीच्या जागी २०१० पासून शहरोशहरी येऊ लागलेला एलबीटी काढला, तेव्हा खुर्चीत अशोकराव. अशा रीतीनं चहा निवेपर्यंत आम्ही महाराष्ट्राचा करविषयक इतिहास एकमेकांच्या अंगावर फेकला. निलंगेकरांची कारकीर्द वर्षाच्या आत संपली, म्हणून ते वाचले.

फेब्रुवारीतल्या जादा शंभराचं गूढ मला गणिताच्या मास्तराला शोभेल असं उकललं. हा कर माणशी वर्षाला अडीच हजारांच्या वर घ्यायचा नाही, असं राज्यघटनेतच लिहिलंय. १९८८ पूर्वी तर ही मर्यादा अडीचशेच होती. आता अडीच हजार भागिले बारा केलं तर दोनशे आठ रुपये तेहतीस पैसे आणि वर तिनांची कधी न संपणारी शेपटी. म्हणून अकरा महिने दोनशे आणि उरलेले तीनशे एका महिन्यात. भागाकाराची बाकी कुठंतरी लिहावी लागतेच. ती गरीब बिचाऱ्या फेब्रुवारीच्या पाटीवर लिहिली, इतकंच.

या करानं मला एक वेगळाच आजार जडला. हा पैसा रोजगार हमी योजनेसाठी म्हणून घेतला जातो, हे मला नोकरीत असताना कोणीतरी सांगितलं होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, बहात्तरच्या दुष्काळात हजारो हातांना काम देणारी योजना. तिच्यात माझा वाटा! तेव्हापासून एसटीनं नांदेड-लातूर प्रवास करताना मला खिडकीबाहेर माझा पैसा दिसू लागला. पाझर तलाव दिसला की मी शेजारच्या प्रवाशाला कोपरानं डिवचायचो. "तो तलाव बघितलाव? त्यातले दोन-चार खड्डे माझे आहेत." लोह्याजवळ एकदा एका शेतकऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मग पाणी का लागलं नाही, ते पण सांगा." त्यानंतर मी खिडकीची जागा सोडून दिली.

निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात व्यवसाय कर थांबला, कारण पेन्शन हा व्यवसाय नव्हे. आनंद व्हायला हवा होता. पण मला एकदम काढून टाकल्यासारखं वाटलं. आता राज्याच्या पाझर तलावांचं कसं होणार, या काळजीत दोन दिवस गेले.

पेन्शन देणारे आणि कर घेणारे यांच्या स्वभावातला फरक मला याच काळात उमगला. पेन्शन देणारे दर नोव्हेंबरात विचारतात, "अजून आहात ना?" हयातीचा दाखला द्या, बोटाचा ठसा द्या. चौतीस वर्षं खडू धरून माझी बोटं इतकी गुळगुळीत झालीत, की यंत्र दर वर्षी तीनदा मला मृत ठरवतं आणि चौथ्यांदा नाइलाजानं जिवंत करतं. कर घेणाऱ्यांना मात्र माझ्या हयातीबद्दल कधीच शंका येत नाही. त्यांचा भरवसा पार मरणापलीकडचा आहे. लातूरला गंजगोलाईजवळ सासऱ्यांचं जुनं घर आहे. सासरे जाऊन चौदा वर्षं झाली, तरी बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. दोष घेणाऱ्यांचा नाही. नाव बदलून घ्यायचं तर चारही मेव्हण्यांनी एका कागदावर सही करायला पाहिजे, आणि ते चौघं एका ताटात पोहेसुद्धा खात नाहीत. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. घरपट्टीचा विषय निघाला, की चार मेव्हणे चार रस्त्यांनी पसार होतात आणि बिल हातात घेऊन मधोमध जावई उभा राहतो.

थोरल्या मेव्हण्याचं एकच पालुपद. २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण आटलेलं, नळ कोरडे, आणि मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मेव्हणा म्हणतो, "नळपट्टी भरून मी नळाखाली बादली लावून बसलो होतो, आणि पाणी आलं रेल्वेनं. मग पैसे रेल्वेला द्यायचे का तुमाला?" त्याच्या आदल्या वर्षीच दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं दोन रुपये वाढवले होते. म्हणजे दुष्काळ आमचा, आणि आमच्या दुष्काळाला आमचीच वर्गणी. गावच्या गणपतीला तरी बाहेरून पावत्या फाडतात.

धाकटा मेव्हणा उदगीरला असतो. त्यानं करांविरुद्ध एकट्यानं सशस्त्र लढा पुकारलाय. शस्त्र म्हणजे स्कूटर. सीमेपलीकडं कर्नाटकात कर कमी, त्यामुळे पेट्रोल लिटरमागं दोन-चार रुपयांनी स्वस्त. म्हणून तो टाकी भरायला कमालनगरला जातो. जाऊन-येऊन एक लिटर जळतं, टाकीत पाच बसतं, वाटेत चहा आणि भजी. मी एकदा कागदावर त्रैराशिक मांडून त्याला तोटा सिद्ध करून दाखवला. तो म्हणाला, "दाजी, पैशाचं नाही हो. तत्त्वाचं आहे." त्यावर गणिताला उत्तर नसतं.

खरं तर हे त्यांच्या रक्तातच असावं. निजामाच्या काळात बार्शी इंग्रजांकडं आणि लातूर हैदराबाद संस्थानात. मधे संस्थानाचं जकात खातं, त्याला करोडगिरी म्हणायचे. तिकडचा माल इकडं आणला की करोडगिरी भरायची. तिकडचा रुपया कलदार, इकडचा हाली, तो हिशोब वेगळाच. आजेसासरे म्हणे बार्शीच्या बाजारातून परतताना नवी धोतरं एकावर एक नेसून आगगाडीत बसायचे. जाताना काडीपैलवान, येताना नगरशेठ. नाक्यावरच्या शिपायानं एकदा विचारलं, "शेठ, दोन दिवसांत एवढे कसे सुटलाव?" ते म्हणाले, "बार्शीचं पाणी मानवतंय." बायको ही गोष्ट माहेरच्या शौर्यगाथेसारखी सांगते. आमच्या घराण्यात असं काही नाही. आमच्या आजोबांनी शेतसारा मुदतीच्या आठ दिवस आधी नेऊन दिला होता, आणि चावडीवर कोणी नाही म्हणून ते आठ दिवस चावडीवरच झोपले होते.

इतर शहरांतल्या बातम्या कळल्या की जीव आणखी जळतो. मुलगा मुंबईत चारशे दहा चौरस फुटांत राहतो. तिथं २०२२ पासून पाचशे फुटांच्या आतल्या घरांना मालमत्ता कर माफ. आमच्या घराचं अंगण त्याच्या घरापेक्षा मोठं, तिथं मी बारा महिने धूळ झाडतो, आणि त्या धुळीची जागाही मोजून घेतलेली आहे. पुण्याच्या विहीणबाईंना स्वतः राहत असलेल्या घरासाठी चाळीस टक्के सवलत मिळते. ती मधे बंद पडली होती, २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. पण आपल्या घरात आपणच राहतो, हे अर्ज भरून पटवून द्यावं लागतं. विहीणबाईंनी गॅसचं कार्ड, मतदार ओळखपत्र असं सगळं जोडलं. त्यांच्या घरचं एकूण वळण माहीत असल्यानं, तिथं विहीणबाईंशिवाय दुसरं कोणी राहू शकतं यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसला कसा, हेच मला कळत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक माजी सुभेदार आहेत. माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, ते योग्यच आहे. मी फक्त एकदा सहज चौकशी केली की सातवी 'ब' ला सलग नऊ वर्षं बीजगणित शिकवणं लढाईत धरतात का. धरत नाहीत.

आता मुख्य दुखण्याकडं येतो. त्याचं नाव अभय योजना.

थकबाकीवर दर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. शास्ती म्हणजे दंड. पण 'शास्ती' म्हटलं की शाळेतल्या छडीची आठवण होते आणि मी आपोआप वेळेत पैसे भरतो. आमचे शेजारी कंत्राटदार आहेत. त्यांना छडीची आठवण होत नाही, बहुधा ते शाळेतच कमी गेले असावेत. ते वर्षानुवर्षं भरत नाहीत. मग कधीतरी अभय योजना येते. अमुक तारखेपर्यंत थकबाकी भरा, शास्तीत घसघशीत सूट. शेजारी पांढरे कपडे घालून जातात, भरून येतात आणि माझ्या दारात उभे राहून म्हणतात, "गुरुजी, तुम्हाला किती सूट भेटली?"

"मी थकबाकीदार नाही," मी मान ताठ करून सांगतो.

"अरेरे," ते म्हणतात. अगदी मनापासून हळहळतात.

हे 'अरेरे' माझ्या जिव्हारी लागलं. अभय द्यायचं ते भ्यालेल्याला. मी तर आयुष्यभर भ्यालो. मग मला का नाही? गेल्या एप्रिलात बिल आलं, ४,८६० रुपये. मी बायकोला गंभीरपणे सांगितलं, "या वर्षी आपण भरायचं नाही. अभय योजना येईपर्यंत थांबायचं."

"बरं," ती म्हणाली. "बिलाचा फोटो तेवढा काढून ठेवते, हरवेल."

मी फुलस्केप घेतला. ४,८६० रुपये वर्षभर मुदत ठेवीत टाकले तर साडेसहा टक्क्यांनी ३१६ रुपये व्याज. एप्रिलातच भरलं तर पाच टक्के सवलत होती, ती बुडाली, उणे २४३. शास्ती लागेल, पण अभय योजनेत जाईल, शून्य. निव्वळ नफा ७३ रुपये. कागद बायकोसमोर ठेवला. तिनं बघितला.

"म्हणजे आधी डोकं फोडून घ्यायचं, आणि दवाखान्यात मलम फुकट लावलं म्हणून पेढे वाटायचे?"

"तत्त्वाचं आहे," मी म्हणालो. धाकट्या मेव्हण्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

थकबाकीदार होणं वाटतं तितकं सोपं नाही. त्यालाही लहानपणापासूनचा रियाज लागतो. मे महिना संपला आणि माझी झोप उडाली. दारावरची घंटी वाजली की वसुलीवालाच आला असं वाटायचं. मी सरळ देवघरात जाऊन बसायचो. पूजेतल्या माणसाला कोणी उठवत नाही. सुरुवातीला पाच मिनिटं पुरायची. पुढं काही लोक बराच वेळ गप्पा मारत बसायचे, मग मला विष्णुसहस्रनाम घ्यावं लागलं. दिवाळीपर्यंत ते पाठ झालं. दूधवाला, गॅसवाला, पेपरवाला, सगळ्यांना मी देवघरातून पाठमोरा दिसलो. 'गुरुजी आता अध्यात्मात गेले' अशी बातमी गल्लीत पसरली आणि दोघी-तिघी नमस्काराला येऊन गेल्या. सकाळचं फिरणं मी लांब बंदाघाटावर नेलं. तहसीलदारांचा गट सोडला. मराठी शाळांच्या पटसंख्येवरून, पाण्याच्या टँकरवरून, गाडी आडवी लावण्यावरून रोज कोणाशी तरी दोन शब्द करायची माझी सवय होती, तीही बंद झाली. थकबाकीदारानं आवाज कोणत्या तोंडानं चढवायचा? अग्निशमनाची गाडी घंटा वाजवत गेली तरी माझी नजर खाली जायची. बिलात अग्निशमन कर होता ना.

एकदा तर टाय-कोटातले तिघे जण आले. सोबत पिशवी. मी सहस्रनामाला हात घातला. बायकोनं "घरी नाहीत" म्हणून त्यांना वाटेला लावलं. नंतर कळलं की ते ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे लोक होते. दर वर्षी वेळेवर कर भरणारा आदर्श नागरिक म्हणून माझा सत्कार करायचा त्यांच्या मनात होतं. पिशवीत शाल होती.

शेवटी फेब्रुवारीत अभय योजना जाहीर झाली. मी देवघरातूनच आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, फाइल घेऊन रिक्षानं गेलो. रिक्षाचे साठ रुपये झाले. नफा तेरावर आला. रांग मोठी होती, पण वातावरण लग्नघरासारखं. सगळे थकबाकीदार एकमेकांना ओळखत होते, "गेल्या योजनेत भेटलो होतो" म्हणून हात मिळवत होते. कोणी कितीची शास्ती माफ करून घेतली याच्या गोष्टी सांगत होते. पलीकडं आमचे शेजारी खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी मोठी रक्कम एकदम भरल्याबद्दल त्यांना पुष्पगुच्छ दिला जात होता आणि फोटो निघत होता. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "या गुरुजी! आलात शेवटी आपल्यात!"

दोन तासांनी नंबर लागला. खिडकीतला मुलगा नम्र होता. माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं नंबर टाकला, स्क्रीन बघितली.

"सर, तुमची थकबाकी नाही."

"नीट बघ. मी भरलेलं नाही."

"नाही सर, निरंक आहे."

"अरे, मी थकबाकीदार आहे!" माझा आवाज दहा महिन्यांनी चढला. "मला माझी शास्ती पाहिजे!" मागची रांग शांत झाली. लोक माझ्याकडं कीव आल्यासारखे बघू लागले. पोरानं हळूच स्क्रीन माझ्याकडं वळवली. एप्रिल महिना. ऑनलाइन भरणा. पाच टक्के सवलत वजा जाता ४,६१७ रुपये.

घरी आलो तेव्हा बायको शेवग्याच्या शेंगा सोलत होती.

"तू भरलीस?"

"हाव. फोटो काढला होता ना. पोरानं शिकवलंय फोनवरून भरायला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिनं शेंगेचा दोरा ओढून काढला. "दहा महिने गुमान घरात बसलालाव. कोणाशी भांडण नाही, दोन्ही वेळ देवपूजा. उलट वर दोनशे त्रेचाळीस रुपये सूट भेटली. अशी योजना कोण बंद करतंय?"

मी फाइल कपाटात ठेवायला निघालो.

"आणि ठेवीचे ते तीनशे सोळा आले की इकडं द्या," ती आतून म्हणाली. "नळवाल्याला लागतील. मालकाला अजून निरोप गेलेला दिसत नाही."